गोळीने झोप परत आली, पण वजन अकरा किलोंनी वाढलं

पत्र : माझं वय ३६, उंची ५ फूट २ इंच. बार्शी तालुक्यात शिक्षिका आहे. गेल्या वर्षी झोप उडाली, जेवण तुटलं, शाळेत जायची इच्छा होईना. सोलापूरच्या मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचं निदान करून रोज रात्री मिर्टाझापिन १५ मिलिग्रॅम सुरू केलं. त्याला आठ महिने झाले. झोप पहिल्याच आठवड्यात लागायला लागली आणि दोनेक महिन्यांत मनही सावरलं. पण आजारी पडण्याआधी माझं वजन ६२ च्या आसपास असायचं, गोळी सुरू केली तेव्हा ५७ होतं आणि आता ६८ आहे. रात्री नऊला गोळी घेतली की तासाभरात खा-खा सुटते, तीही गोडाची. जाऊबाई म्हणतात, या गोळ्यांनी अंग फुगतं, बंद करून टाक. चार दिवसांपासून मी कुणाला न विचारता अर्धीच गोळी घेतेय. शाळेतली मैत्रीण वजन उतरवायची पावडर आणून देते म्हणाली आहे. डॉक्टरांची पुढची तारीख पाच आठवड्यांनी आहे. हे वजन गोळीचंच का? गोळी बदलता येते का? वाढलेलं उतरेल का?

उत्तर : ताई, नमस्कार.

आधी अर्ध्या गोळीचं बोलू, कारण ते पाच आठवडे थांबणारं नाही. आज किंवा उद्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करा आणि चार दिवसांत काय केलं ते जसंच्या तसं सांगा. त्यांनी वेगळं काही सांगितलं नाही, तर लिहून दिलेली पूर्ण गोळीच चालू ठेवा. रागवतील या भीतीने लपवू नका. गोळ्या अर्ध्या करणारे, मधूनच सोडणारे रुग्ण त्यांना नेहमीच भेटतात.

अर्धी गोळी का चुकीची, याचं कारण याच औषधात आहे. हिस्टामिन आणि सेरोटोनिन ही मेंदूत निरोप पोचवणारी रसायनं, आणि ती ज्या जागी चिकटून काम करतात ती त्यांची ग्राही (रिसेप्टर). मिर्टाझापिन हिस्टामिनच्या एका ग्राहीला अडवतं. त्यामुळे गुंगी येते आणि भूक चाळवते. सेरोटोनिनच्या ज्या एका ग्राहीमुळे पोट भरल्याची जाणीव होते, तिलाही ते अडवतं. यातला हिस्टामिनवरचा परिणाम अगदी कमी डोसलाही जोरात असतो. नैराश्य उतरवणारा परिणाम मात्र साधारण १५ ते ४५ मिलिग्रॅमच्या टप्प्यात मिळतो. म्हणजे साडेसात मिलिग्रॅमवर आल्याने भूक आणि गुंगी बरीचशी तशीच राहते आणि ज्यासाठी गोळी सुरू केली तो उपयोग पातळ होतो. डोस असा झटक्यात खाली आणल्यावर काहींना झोप तुटणं, मळमळ, घाबरल्यासारखं होणं, चिडचिड असा त्रास होतो. मग तो आजार परतल्यासारखा वाटतो आणि गोंधळ आणखी वाढतो.

आता वजनाचा हिशेब. तुम्ही अकरा किलो म्हणता, पण मोजायचं ते ६२ पासून, ५७ पासून नाही. नैराश्यात जेवण तुटल्याने पाच किलो गेले होते. ते परत आले ही बरं होण्याचीच खूण आहे. खरी वाढ सहा किलोंची, म्हणजे तुमच्या मूळ वजनाच्या जवळपास दहा टक्के. ती दुर्लक्ष करण्याजोगी मुळीच नाही. औषधांच्या बाबतीत पाच टक्क्यांपुढची वाढ दखल घेण्यासारखी मानतात. पण अकरा आणि सहा यांत फरक आहे. पुन्हा ५७ वर यायचं असं मनात धरलंत तर आजारातल्या वजनाचा पाठलाग कराल. उद्दिष्ट ६२ ठेवा. तुमचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तेव्हा २५ होता, आता २७.४ आहे. आपल्याकडे २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ पासून स्थूलता धरतात, त्यामुळे ६२ च्याही थोडं खाली आलात तर चांगलंच. पण ते नंतरचं काम.

हे गोळीचंच का? तुमच्या बाबतीत बहुतांश हो. नैराश्यावरच्या औषधांत वजन वाढवण्यात मिर्टाझापिन अगदी पुढे आहे. गोळीनंतर तासाभरात गोड खावंसं वाटणं हे त्याचं नेहमीचं लक्षण. ‘मला जिभेवर ताबा नाही’ असं स्वतःला बोल लावत असाल तर ते थांबवा. ही भूक औषधाने आणलेली आहे आणि तिच्यावर उपायही तशाच पद्धतीने करावा लागतो. डॉक्टरांनी हे औषध निवडलं तेही चूक नव्हे. झोप नाही, अन्न जात नाही, वजन उतरतंय, अशा रुग्णाला तेच सोयीचं पडतं. सुरुवातीला जो गुण होता, तोच आठ महिन्यांनी अडचणीचा झालाय, इतकंच.

तरीही सगळं गोळीच्या माथी मारण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, थायरॉइड. ते कमी पडलं की मरगळ येते, मन उदास होतं आणि वजनही वाढतं. वर्षभरात टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी केली नसेल तर करून घ्या. सोबत उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) आणि कोलेस्टेरॉलचा लिपिड प्रोफाइल. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ यांच्या दरम्यान आली तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात असं समजायचं, आणि मग गोळी बदलण्याचा विचार जरा घाईने करावा लागतो. पाळी पुढेमागे होत असेल तर तेही सांगा.

दुसरी गोष्ट, घरातल्या इतर गोळ्या. प्रत्येक पट्टीवर ब्रँडच्या नावाजवळ बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव असतं, ते वहीत उतरवा. अर्धशिशीसाठी देतात ते फ्लुनारिझिन किंवा अमिट्रिप्टिलिन, नसांच्या दुखण्यावरचं प्रेगाबालिन, फिट्सवरचं व्हॅलप्रोएट, स्टेरॉइड, झोपेसाठी किंवा नैराश्याच्या गोळीला जोड म्हणून दिलेलं क्वेटियापिन आणि ओलान्झापिन, ही सगळी वजन वाढवतात. शेवटची दोन तर काहींचं फार झपाट्याने वाढवतात. एक नाव हटकून बघा : सायप्रोहेप्टाडिन. भूक लागावी म्हणून देतात त्या बऱ्याच टॉनिकांत ते असतं. आजारात जेवत नव्हतात तेव्हा कुणी असं टॉनिक सुरू केलं असेल आणि ते अजून चालू असेल, तर भूक दुहेरी चाळवली जातेय. सेरोटोनिनवर चालणाऱ्या नैराश्याच्या गोळ्यांचा परिणामही ते कमी करू शकतं.

गोळी बदलता येते का? येते. पण बदलण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा : मला ही गोळी आणखी किती दिवस घ्यायची आहे? पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल तर पूर्ण बरं वाटायला लागल्यापासून साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात, कारण याच काळात आजार उलटण्याचा धोका जास्त असतो. आजार आधी येऊन गेला असेल तर दोन वर्षं किंवा अधिक. तुम्हाला बरं वाटून सहाएक महिने झालेत. आजार पहिलाच असेल, आता मन स्थिर असेल, तर नवी गोळी लावण्याऐवजी काही महिन्यांनी हीच गोळी बेताबेताने उतरवून बंद करायचं डॉक्टर ठरवू शकतात. तसं असेल तर मधल्या काळात वजन थोपवून धरणं एवढंच काम उरतं. आम्हाला हा पर्याय पत्रावरून तरी विचार करण्याजोगा वाटतो. निर्णय मात्र तुम्हाला समोर बसवून तपासणाऱ्यांचा.

औषध पुढे लांब चालणार असेल तर बदलाचं बोला. कुठलं औषध वजनाला कसं, याचं ढोबळ चित्र असं : मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन आणि पॅरोक्सेटिन वाढवणाऱ्या बाजूला. एसिटॅलोप्राम, ड्युलॉक्सेटिन थोडं वाढवणारी. सर्ट्रालिन त्याहून कमी. फ्लुओक्सेटिनने पहिले काही महिने वजन किंचित उतरतं, पण पुढे तो फायदा बहुधा टिकत नाही. व्हॉर्टिऑक्सेटिन जवळजवळ तटस्थ. बुप्रोपियॉनने वजन सरासरीने वाढत नाही, उलट थोडं उतरू शकतं. २०२४ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ८३ हजार प्रौढांच्या नोंदींवरून आठ औषधांची तुलना झाली. त्यात सहा महिन्यांत सर्ट्रालिनने सरासरी पाव किलोच्या आसपास वाढ दिसली, एसिटॅलोप्राम आणि पॅरोक्सेटिनने त्याहून साधारण ४०० ग्रॅम जास्त, आणि बुप्रोपियॉनवाले सर्ट्रालिनवाल्यांपेक्षा २०० ग्रॅमने कमी भरले. मिर्टाझापिन त्या आठांत नव्हतं. आकडे लहान दिसतात ते सरासरीमुळे. काहींचं अजिबात वाढत नाही आणि काहींचं सहा-आठ किलोंनी वाढतं, ते सरासरीत झाकलं जातं. ब्रिटनमधल्या रुग्णांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात वजन वाढण्याचा धोका दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सर्वाधिक दिसला. म्हणून गोळी बदलली तरी काटा माळ्यावर टाकू नका.

या यादीतून स्वतः निवड मात्र करू नका, कारण प्रत्येकाची किंमत वेगळी आहे. सर्ट्रालिनने पहिला-दुसरा आठवडा मळमळ, जुलाब होतात. ते नाश्त्यानंतर घेतलं की त्रास कमी होतो. सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, एसिटॅलोप्राम या गटात लैंगिक इच्छा कमी होणं, समाधान न मिळणं हा त्रास बऱ्याच जणांना होतो. मिर्टाझापिनमध्ये तो कमी असतो. बायका हे डॉक्टरांना सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात. बुप्रोपियॉन फिट्सचा आजार असलेल्यांना देत नाहीत. भरमसाट खाऊन उलटी काढणं किंवा बारीक होण्यासाठी उपाशी राहणं असा खाण्याचा विकार ज्यांना आहे किंवा होता त्यांनाही नाही, कारण त्यांच्यात फिटचा धोका वाढतो. शिवाय ते झोप उडवतं आणि तुमचा आजार झोपेपासूनच सुरू झाला होता. व्हॉर्टिऑक्सेटिनने मळमळ होते आणि ते या सगळ्यांत महागात पडतं. आयुष्यात कधी काही दिवस झोप न लागताही उत्साह ओसंडून वाहत होता, खर्च आणि बोलणं आवरत नव्हतं, असं घडलं असेल तर ते आवर्जून सांगा. दिवस राहण्याचा विचार असेल तर तोही. गोळीची निवड यावर बदलते.

बदलताना जुनी गोळी उतरवत नवी चढवतात, बहुतेकदा दोन ते चार आठवड्यांत. या काळात झोप थोडी विस्कटते. म्हणून परीक्षा, शिबिर, घरातलं लग्न अशा गडबडीत बदल नको. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी शिक्षकांना सोयीची.

आता रात्रीची भूक, कारण वजनाचं खरं ठाणं तिथेच आहे. सहा किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ४६ हजार कॅलरी. आठ महिन्यांवर वाटल्या तर रोजच्या १९० पडतात. दोन लहान चपात्या, किंवा मूठभर फरसाण आणि एक बिस्किट. एवढ्याशा जादा खाण्याने एवढं वजन चढतं आणि तेवढंच कमी केलं तर हळूहळू उतरतं.

पहिला बदल वेळेचा. तुम्ही नऊला गोळी घेता आणि बहुधा दहा-साडेदहापर्यंत जाग्या असता. औषध रक्तात चढतं ते साधारण दोन तासांत, म्हणजे गुंगी आणि भूक यांचा जोर वाढत असतो तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात असता. डॉक्टरांना विचारून असं करून बघा : साडेसात-आठला पोटभर जेवण, मागचं आवरणं, उद्याच्या डब्याची तयारी, दात घासणं, आणि मग अंथरुणावर बसूनच गोळी. दिवा बंद. गोळीनंतर मोबाइल घेऊन तासभर लोळलात तर भूक गाठणारच. वेळ मात्र रोज एकच ठेवा, आणि फार उशिरा घेऊ नका, नाहीतर सकाळी पहिल्या तासाला डोळे मिटतील.

दुसरा बदल ताटातला. रात्रीच्या जेवणात प्रथिनं वाढवा : वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, सोबत वाटीभर दही. खात असाल तर दोन अंडी. नुसत्या भात-आमटीवर निजलात तर भूक लवकर लागते. ज्वारीची एक मोठी भाकरी दोन चपात्यांच्या बरोबरीची असते, हे मोजताना ध्यानात ठेवा. शेंगाचटणी आपल्या भागात ताटात असतेच. ती सोडायला कोण सांगेल, पण मोठा चमचाभर चटणीत ८० च्या आसपास कॅलरी असतात आणि वर तेल घातलं की आणखी. चमच्याने वाढून घ्या, डब्यातून नको. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे १६० कॅलरी नुसत्या साखरेच्या. कपाला अर्ध्या चमच्यावर आलात तर रोजच्या १२० वाचल्या. मिर्टाझापिनने तोंड कोरडं पडतं आणि तहान समजून आपण चहा-सरबत घेतो, तिथे पाणी किंवा पातळ बिनसाखरेचं ताक चालेल.

गोड अजिबात बंद असा नियम करू नका. तो चौथ्या रात्री मोडतो आणि मग डबा रिकामा होतो. गोड खायचं तर जेवणासोबत, बसून, वाटीत घेऊन. बिस्किटं, फरसाण, शेवेचे मोठे पुडे घरात आणणं थांबवा. मुलांसाठी लागत असतील तर लहान पुडे आणा आणि ठेवायची जागा तुमच्या हाताशी नको. रात्री उठून खावंच लागलं तर काय खायचं हे आधी ठरवून झाकून ठेवा : भाजलेले फुटाणे लहान मूठभर, किंवा एक पेरू.

एक वेळचं जेवण सोडणं, आठवड्याचे उपास वाढवणं, हजार कॅलरींचा डाएट, यांतलं काही करू नका. दिवसभर उपाशी राहिलात की रात्रीची गोळी आणि रिकामं पोट एकत्र येतात. उपासाला साबुदाण्याची खिचडी असेल तर ती एक बशी साध्या जेवणापेक्षा जड भरते. शिवाय कडक उपाशीपणाने झोप आणि मन दोन्ही बिघडतात, आणि आपल्याला त्यांनाच सांभाळायचंय.

चालणं शाळेतून आल्यावर, रात्रीच्या जेवणाआधी ठेवा. या गोळीवर सकाळी अंग जड असतं, पहाटे उठून चालायचा संकल्प आठवडाभरही टिकत नाही. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. यात एका वेळेला सव्वाशेच्या आसपास कॅलरी जातात. त्याहून मोठा फायदा मनाला, झोपेला आणि साखरेला होतो. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून जोर असं स्नायूंचं काहीतरी करा.

वजन आठवड्यातून एकदाच : तोच वार, तोच काटा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी. पाळीच्या आधीच्या दिवसांत किलो-दीड किलो पाणी साठतं, ते वाढ समजू नका. महिन्यातून एकदा कंबरही मोजा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत असावी. चार आठवड्यांत वजन थांबलं तर उपाय लागू पडतोय. महिन्याला अर्धा ते एक किलो उतरणं या औषधावर असताना उत्तम मानावं.

पावडर घेऊ नका. याबाबत आमचं मत ठाम आहे. वजन उतरवायच्या ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात सिब्युट्रामिन हे औषध न सांगता मिसळलेलं वेगवेगळ्या देशांतल्या तपासण्यांत सापडलंय. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे भारतात त्यावर २०११ पासून बंदी आहे. ते सेरोटोनिन वाढवतं, आणि नैराश्याच्या गोळ्यांच्या जोडीला गेलं तर थरथर, घाम, ताप, धडधड, गोंधळ असा जीवघेणा प्रकार होऊ शकतो. मैत्रिणीला तिच्या पुड्यात खरोखर काय आहे हे ठाऊक असायची शक्यता कमीच.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही वजनाची इंजेक्शनं २०२५ पासून आपल्याकडे मिळू लागलीत, त्यामुळे तुमच्या मनात तो प्रश्न येईलच. सहा किलोंसाठी आणि बदलता येण्याजोगी गोळी चालू असताना ती पहिली पायरी नाही. साखर वाढलेली निघाली तर फिजिशियनशी बोला आणि नैराश्याचं औषध चालू आहे हे त्यांना सांगा.

वाढलेलं उतरेल का? उतरतं, पण गोळी बदलल्याने आपोआप नाही. बदलल्यावर आधी खा-खा थांबते, बहुधा काही आठवड्यांत. चढलेले किलो मात्र वरच्या उपायांनीच जातात, आणि तेव्हा ते उपाय सोपे वाटायला लागतात.

डॉक्टरांकडे जाताना वहीचं एक पान न्या : आजाराआधीचं वजन, गोळी सुरू केल्याची तारीख आणि तेव्हाचं वजन, आताचं वजन, सगळ्या औषधांची मूळ नावं, रात्रीच्या भुकेची वेळ, तपासण्यांचे अहवाल. बोलायला संकोच वाटला तर पान पुढे सरकवा. आणि ‘जरा बघू’ असं उत्तर मिळालं तर नेमकं विचारा : किती आठवडे बघायचं, आणि किती किलो झालं की बदलायचं?

जाऊबाईंना सांगा की अंग फुगतं हे त्यांचं निरीक्षण खरं आहे, पण बंद करण्याचा त्यांचा सल्ला तुम्ही ऐकणार नाही.

गोळी उतरवताना किंवा बदलताना सलग तीन रात्री झोप लागली नाही, सकाळी उठून शाळेत जाणं पुन्हा डोंगराएवढं वाटू लागलं, तर तारखेची वाट न पाहता फोन करा. जगण्यात अर्थ नाही असे विचार आले तर त्याच क्षणी घरातल्या एका माणसाला सांगा आणि दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक चालू असतो, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.